दिगंतर कोणाचे? : शिकारी पक्ष्यांच्या मागावरील लेखन आणि शिरूर-दौंडचा माळ

शिकारी पक्ष्यांचा माग काढत केलेला दीर्घ, वैयक्तिक प्रवास हा इंग्रजी निसर्गलेखनात स्थिरावलेला एक आकृतिबंध आहे. मराठीत त्याचे प्रतिरूप जवळजवळ आढळत नाही. या वस्तुस्थितीचे स्पष्टीकरण साधनांच्या वा भटकंतीच्या उणिवेने देणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. प्रश्न प्रवासाचा नसून त्याच्या आरंभबिंदूचा आहे. पक्षी 'कोठून' निघतो हे जो निवेदक ठरवतो, तोच त्याचे घर कोणते आणि परदेश कोणता हेही ठरवतो. प्रस्तुत लेखात या निर्णयाचा विचार करावयाचा आहे.

त्यासाठी शिरूर आणि दौंड तालुक्यांतील माळ डोळ्यांसमोर ठेवू. घोड आणि भीमा यांच्या खोऱ्यांतील या पर्जन्यछायेच्या प्रदेशात पावसाळा सरताना भोवत्या हे शिकारी पक्षी येतात. पांडुर भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या हे त्यांतील दोन प्रकार होत. गवताच्या शेंड्यांवरून ते अगदी खालून तरंगत जातात. नाकतोडे, सरडे, उंदीर, चंडोल टिपतात. आणि रात्री झाडावर न बसता गवतातच, जमिनीवर, समूहाने मुक्काम करतात. मार्च-एप्रिलमध्ये ते मध्य आशियातील गवताळ प्रदेशांकडे परततात. 'भोवत्या' हे नाव 'भोवणे' या क्रियेशी नाते सांगते. त्यांच्या शास्त्रीय प्रजातिनामामागेही घिरट्या घालणाऱ्या पक्ष्याचा ग्रीक शब्द आहे. दोन्ही भाषांनी पक्ष्याचे वर्तुळ पाहिले. वर्तुळाला आरंभ नसतो. कथनाला मात्र तो लागतो, आणि अडचण येथूनच सुरू होते.

आपण या पक्ष्यांना 'हिवाळी पाहुणे' म्हणतो. हे रूपक निरागस नाही. वर्षातील सहाएक महिने जो येथे राहतो, विणीच्या प्रदेशातही ज्याचा मुक्काम याहून मोठा नसतो, त्याला पाहुणा ठरवण्याचा आधार एकच : घरटे येथे नाही. घर म्हणजे घरटे, हे समीकरण आपल्या परंपरेत खोलवर रुजलेले आहे. जनाबाईंच्या नावावरील सुप्रसिद्ध अभंगात चाऱ्यासाठी दूर गेलेला पक्षी आणि आकाशात हिंडणारी घार या दोघांचेही चित्त पिलांपाशी असते. तेथे दृष्टिबिंदू घरट्याचा आहे; दिगंतर म्हणजे जेथून परतायचे ते स्थळ. भक्तीच्या आशयाला ही रचना सर्वस्वी अनुरूप आहे. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी आपल्या पुस्तकाला 'पक्षी जाय दिगंतरा' हे शीर्षक दिले, तेव्हा ही प्रतिमा भक्तिकाव्यातून निसर्गलेखनात आली. परंतु भोवत्याच्या संदर्भात तिची दिशा उलटते. त्याचे घरटे कझाकस्तानच्या बाजूला. शिरूर-दौंडचा माळ हेच त्याचे दिगंतर. आपण दिगंतरात उभे राहून पाहत आहोत, ही जाणीव मराठी निसर्गलेखनाला फारशी झालेली दिसत नाही.

याला आणखी एक कारण आहे. माळ मराठी साहित्यात आला तो माणसांच्या कथेतून. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तील (१९५५) धनगरांचे जग माळावरचेच आहे. पण तेच माडगूळकर वन्यजीवनाकडे वळले तेव्हा 'नागझिरा'च्या (१९७९) जंगलात गेले. चितमपल्लींचे अनुभवविश्वही प्रामुख्याने अरण्याचे. त्यामुळे एक अलिखित विभागणी झाली : माळावर माणसे राहतात, निसर्ग जंगलात असतो. भोवत्या या विभागणीच्या फटीत सापडतो. त्याला ना ग्रामीण कथेत जागा, ना अरण्यलेखनात.

इंग्रजीतील आकृतिबंध जसाच्या तसा उचलल्याने ही फट बुजेल काय? जेम्स मॅकडोनाल्ड लॉकहार्ट यांचे 'रॅप्टर' (२०१६) ऑर्कनी बेटांपासून डेव्हनपर्यंत एकेका शिकारी पक्ष्यापाठी जाते. त्याला आधार आहे तो विल्यम मॅकगिलिव्हरे यांच्या १८१९ मधील अ‍ॅबर्डीन ते लंडन या पायी प्रवासाचा. येथे पक्षी बदलतात, प्रवासी एकच राहतो; एकात्मता येते ती निवेदकाच्या 'मी'मुळे. जे. ए. बेकर यांचे 'द पेरेग्रिन' (१९६७) मात्र वेगळे आहे. इसेक्समधील दहा हिवाळ्यांचा पाठलाग त्यात एकाच हिवाळ्याच्या रोजनिशीत एकवटला आहे. निवेदक प्रदेश सोडत नाही. थंडीसाठी आलेल्या ससाण्याला तो पाहुणा समजत नाही आणि त्याच्या घरट्याचा शोधही घेत नाही. माग काढणे म्हणजे मागे जाणे नव्हे, तर एका जागी पुन्हा पुन्हा उभे राहणे, हा या संहितेने दिलेला धडा आपल्याला जवळचा वाटावा असा आहे.

तथापि बेकर यांची किंमतही ध्यानात घ्यावी लागते. त्यांच्या इसेक्समधून माणसे जवळपास पुसली गेली आहेत. निवेदकाला स्वतःचे माणूसपणही टाकून द्यायचे आहे. शिरूर-दौंडच्या माळावर हे शक्य नाही आणि इष्टही नाही. तेथील गवत मेंढरांच्या चराईसह टिकले आहे. पक्ष्यामागे पाहणाऱ्याच्या चौकटीत मेंढपाळ येणारच. 'बनगरवाडी'ची दृष्टी आणि बेकर यांची चिकाटी एकाच संहितेत नांदली पाहिजे.

हा केवळ वाङ्मयप्रकाराचा वाद आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. ज्या भूमीची कथा नाही, तिचे नाव सरकारी दप्तरात 'पडीक' असे पडते. पडीक म्हणजे जिचा काही उपयोग करून घ्यायचा राहिला आहे अशी. मग कालवा येतो, ऊस येतो. रांजणगाव, कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहतात. उरलेल्या गवतावर सद्भावनेने झाडे लावली जातात. पाण्याने शेतकऱ्याचे दैन्य हटवले, हे नाकारण्याचा अधिकार कोणाही समीक्षकाला नाही. परंतु जमिनीवर झोपणाऱ्या पक्ष्याला वृक्षारोपण म्हणजे घर हिरावणे होय, हे सांगणारी भाषा आपल्यापाशी नसेल, तर ती उणीव साहित्याचीही आहे.

उपग्रहाद्वारे माग काढण्याच्या तंत्राने अशा पक्ष्यांचे संपूर्ण वर्तुळ आज नकाशावर उमटू लागले आहे. पण ती रेषा निवेदकाविना आहे. मिखाइल बाख्तिन यांनी 'काळावकाश' या संकल्पनेच्या चर्चेत वाटेला भेटीचे स्थळ मानले; नकाशावरील रेषेत भेट घडत नाही. ती एखाद्या माळावर, एखाद्या संध्याकाळी, पाहणाऱ्याच्या देखतच घडते.

म्हणून मराठीतील असे लेखन प्रवासाचे न होता मुक्कामाचे व्हावे, आणि त्याने पक्षी नसलेले महिनेही लिहावेत. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातील यवत-वरवंडवरून जाते, तेव्हा भोवत्या येथे नसतो. तो आपल्या दिगंतरात, म्हणजे आपल्या घरट्यात असतो. वारकरी वाटेवर असताना आकाश रिकामे, आणि आकाशात भोवत्या असताना ती वाट ओसरलेली. या दोन अनुपस्थिती एकत्र वाचणारा निवेदक मिळाला, तर 'पाहुणा' हा शब्द आपोआप गळून पडेल.