‘उडता पंजाब’मधील पोलीस : नाका, पुडके आणि बंदूक

अभिषेक चौबे दिग्दर्शित ‘उडता पंजाब’ हा हिंदी चित्रपट १७ जून २०१६ रोजी प्रदर्शित झाला. परंतु त्याची चर्चा त्यापूर्वीच न्यायालयात होऊन गेली होती. परीनिरीक्षण मंडळाने सुचविलेल्या काटछाटीत पंजाब, जालंधर, अमृतसर, तरनतारन, लुधियाना, मोगा ही स्थलनामे आणि निवडणूक, खासदार, आमदार, संसद यांसारखे शब्द वगळण्याची सूचना होती. पंजाब विधानसभेची निवडणूक तेव्हा काही महिन्यांवर आली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १३ जून रोजी केवळ एक प्रसंग वगळून व सुधारित निवेदन जोडून चित्रपटास प्रमाणपत्र देण्याचा आदेश दिला आणि वाद मिटला. या वादाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न पुढे आणला, हे योग्यच झाले. तथापि त्यामुळे चित्रपटाच्या आशयाची चर्चा मात्र मागे पडली. मंडळाच्या आक्षेपांचा रोख स्थळावर आणि राजकारणावर होता. नाक्यावर पैसे घेऊन ट्रक सोडणाऱ्या पोलिसावर तो प्रामुख्याने नव्हता. लाचखोर पोलीस ही हिंदी चित्रपटाच्या प्रेक्षकाला इतकी परिचयाची व्यक्तिरेखा आहे की तिच्याविषयी कोणास काही वाटेनासे झाले आहे. वस्तुतः या चित्रपटाचे बळ आणि त्याची मर्यादा या दोहोंचा उलगडा त्या पोलिसापाशीच होतो.

सुदीप शर्मा आणि चौबे यांच्या पटकथेत चार व्यक्तिरेखांची सूत्रे गुंफलेली आहेत : व्यसनात बुडालेला पॉप गायक टॉमी सिंग, शेतमजुरी करणारी बिहारी स्थलांतरित मुलगी, व्यसनमुक्ती केंद्र चालविणारी डॉ. प्रीत साहनी आणि पंजाब पोलीस दलातील सहायक उपनिरीक्षक सरताज सिंग. (विक्रम चंद्रा यांच्या ‘सेक्रेड गेम्स’ या २००६ च्या कादंबरीतील मुंबईच्या शीख पोलीस निरीक्षकाचे नावही सरताज सिंग असेच आहे, दोघांची तुलना हा स्वतंत्र लेखाचा विषय ठरेल.) या चौघांपैकी समीक्षकांचे लक्ष प्रायः टॉमीकडे आणि त्या बिहारी मुलीकडे गेले. शाहिद कपूर आणि आलिया भट यांच्या भूमिका ठळक रंगांत रंगविलेल्या असल्याने ते स्वाभाविक होते. दिलजित दोसांझ यांनी साकारलेला सरताज त्यामानाने दबलेला, कमी बोलणारा आहे. मात्र नैतिक प्रवास असा घडतो तो त्याचाच.

सरताजची ओळख नाक्यावर होते. अमली पदार्थांचे ट्रक नाक्यावरून जातात, ठरलेली रक्कम येते, ती वरपासून खालपर्यंत वाटली जाते. या प्रसंगांत दिग्दर्शकाने खलनायकी पार्श्वसंगीताचा आधार घेतलेला नाही, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. देवघेव कार्यालयीन कामकाजासारखी चालते. त्यात थरार नाही, तसा अपराधभावही नाही. सरताज दुष्ट नाही. तो केवळ सवयीचा झालेला आहे. त्याचा धाकटा भाऊ बल्ली अतिसेवनाने मरणाच्या दारात जातो, तेव्हा आपण ज्या मालाला वाट करून दिली तो माल फिरून आपल्याच घरात आला, हे त्याला उमगते. गुन्हा सीमेपलीकडून येतो, असे मानणाऱ्या समजुतीला हा प्रसंग छेद देतो. चित्रपटाच्या आरंभी सीमेपलीकडून एक थाळीफेकपटू पुडके फेकतो खरा; पण गावागावांत आणि शाळकरी मुलांच्या शिरांत जे जाते त्यातला मोठा भाग औषधनिर्मितीच्या आवरणाखाली देशातच तयार होतो आणि नाक्यावरून उजळ माथ्याने जातो, असे पटकथा सुचविते.

ही कल्पनेची भरारी म्हणता येत नाही. कुस्तीतील अर्जुन पुरस्काराचा मानकरी आणि पंजाब पोलीस दलातून बडतर्फ झालेला उपअधीक्षक जगदीश भोला यास नोव्हेंबर २०१३ मध्ये कृत्रिम अमली पदार्थांच्या मोठ्या प्रकरणात अटक झाली होती. २०१९ मध्ये मोहालीच्या विशेष न्यायालयाने त्यास शिक्षा सुनावली. चित्रपट येऊन गेल्यावर एक वर्षाने, जून २०१७ मध्ये, राज्याच्या नव्याने स्थापन झालेल्या विशेष कृती दलाने पोलीस दलातीलच एका निरीक्षकास अटक केली आणि त्याच्या निवासस्थानातून हेरॉइन व शस्त्रे जप्त झाल्याचे सांगितले. एप्रिल २०२३ मध्ये याच मालिकेत एका वरिष्ठ अधिकाऱ्यास सेवेतून बडतर्फ करण्यात आले. सरताजचा नाका पटकथेने शोधून काढलेला नाही, पाहून लिहिलेला आहे.

परंतु पोलिसांची कारवाई म्हणजे केवळ नाका नव्हे. नाक्याच्या पुढे झडती आहे, पंचनामा आहे, मुद्देमालाची मोजदाद, सीलबंद नमुने, रासायनिक तपासणीचा अहवाल, जामिनाचा अर्ज, साक्षीदाराची उलटतपासणी अशी लांबलचक साखळी आहे. या मधल्या प्रदेशाकडे चित्रपट पाहतच नाही. याचे सर्वांत लक्षणीय उदाहरण बिहारी मुलीच्या कथानकात सापडते. शेतात पडलेले हेरॉइनचे सुमारे तीन किलोंचे पुडके तिच्या हाती लागते. ती ते विकण्याचा प्रयत्न करते, घाबरते, विहिरीत टाकते आणि टोळीच्या तावडीत सापडते. पुढील अत्याचारांचे चित्रण अंगावर काटा आणणारे आहे. मात्र पुडके घेऊन पोलीस ठाण्यात जावे, हा पर्याय पटकथेत तिच्यापुढे उभाच राहत नाही. प्रेक्षकालाही त्यात काही खटकत नाही. ते का खटकत नाही, याचे उत्तर कायद्यात शोधावे लागते.

गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ यात २००१ च्या सुधारणेने ‘अल्प प्रमाण’ आणि ‘व्यापारी प्रमाण’ असा भेद आणला. हेरॉइनसाठी अल्प प्रमाणाची मर्यादा ५ ग्रॅम आहे, तर व्यापारी प्रमाण २५० ग्रॅमपासून धरले जाते. त्या मुलीच्या हातातील पुडके व्यापारी प्रमाणाच्या बारा पट भरते. अशा प्रमाणासाठी किमान १० व कमाल २० वर्षे सक्तमजुरी आहे. कलम ३७ मुळे जामीन अत्यंत कठीण होतो. शिवाय कलम ३५ आणि ५४ यांनुसार जाणीवपूर्वक ताब्यात बाळगल्याचे गृहीतक आरोपीविरुद्ध धरले जाते. ते खोडून काढण्याचा भार आरोपीवर पडतो. स्थानिक भाषा परकी, ओळखीचे कोणी नाही, वकील नाही, अशा शेतमजूर मुलीने ‘हे मला शेतात सापडले’ असे म्हटले असते तर त्यावर कोणी विश्वास ठेवला असता? एवढ्या कठोर कायद्यात निरपराधास काही संरक्षण असेल तर ते पोलिसांनी कार्यपद्धती काटेकोर पाळण्यात आहे : माहिती लेखी नोंदविणे (कलम ४२), राजपत्रित अधिकारी वा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेण्याच्या हक्काची जाणीव करून देणे (कलम ५०), दंडाधिकाऱ्यासमोर नमुने काढणे (कलम ५२-अ). म्हणजेच ठाण्यात बसलेला साधा अंमलदार काय लिहितो, कसे लिहितो, यावर माणसाची वीस वर्षे अवलंबून असतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मुकेश सिंग खटल्यात फिर्याद देणारा आणि तपास करणारा अधिकारी एकच असला तरी केवळ तेवढ्याने खटला दूषित होत नाही, असा निर्णय दिल्यानंतर तर या अंमलदाराचे महत्त्व अधिकच वाढले आहे. कथाकाराला येथे केवढे नाट्य उपलब्ध होते! ते नाट्य कागदाचे आहे म्हणून ते पडद्यावर येऊ नये, ही समजूत मात्र हिंदी चित्रपटाने फार काळ जोपासली आहे.

एका ठिकाणी चित्रपट या प्रदेशाच्या अगदी जवळ येतो. टॉमीला अटक होते आणि कोठडीत त्याला दोन तरुण मुले भेटतात. ती त्याची चाहती आहेत. नशेसाठी पैसे दिले नाहीत म्हणून त्यांनी आईला ठार मारलेले आहे. ज्याची गाणी ऐकून आपण या वाटेला लागलो त्या गायकाकडे ती भक्तिभावाने पाहतात. संपूर्ण चित्रपटात इतका शांत आणि इतका भयंकर प्रसंग दुसरा नाही. टॉमीचे परिवर्तन येथून सुरू होते, त्यामुळे पटकथेच्या दृष्टीने या प्रसंगाचे काम संपते आणि कॅमेरा कोठडीबाहेर पडतो. ती दोन मुले मागे राहतात.

मागे राहिलेल्या अशा मुलांची संख्या पंजाबात थोडी नव्हती. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील तज्ज्ञांच्या सहभागाने २०१५ मध्ये झालेल्या पाहणीत राज्यातील अफूजन्य पदार्थांवर अवलंबून असलेल्यांची संख्या सुमारे २.३ लाख असल्याचा अंदाज व्यक्त झाला. चित्रपट येण्यापूर्वी, २०१४ मध्ये, पोलिसांनी धडाक्याची मोहीम राबवून हजारो व्यक्तींना अटक केली होती. त्यांत व्यापाऱ्यांपेक्षा खिशात चिमूटभर माल असलेले व्यसनाधीन अधिक असल्याची टीका तेव्हाच झाली. अटकेच्या संख्येवर मोहिमेचे यश मोजले जाऊ लागले की अधिकारी जे सहज सापडते ते पकडतो, आणि सहज सापडतो तो व्यसनी. कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये उपचारास स्वेच्छेने तयार होणाऱ्या व्यसनाधीनास खटल्यापासून सूट देण्याची तरतूद आहे. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पंजाबच्या विशेष न्यायालयांतील २०१३ ते २०१५ या काळातील प्रकरणे तपासली. व्यसनी आरोपींना न्यायव्यवस्थेमार्फत उपचाराकडे पाठविण्याची ही तरतूद व्यवहारात जवळजवळ निरुपयोगी ठरल्याचे त्यातून दिसून आले.

प्रीत साहनीची व्यक्तिरेखा या संदर्भात पाहिली पाहिजे. ती पुरेशी माणूस झालेली नाही. तिच्यात दोष नाही, थकवा नाही, संशय नाही. करीना कपूर खान यांच्या संयत अभिनयाने ही उणीव काही अंशी झाकली जाते. तरीही तिच्या रूपाने पटकथेने एक महत्त्वाची शक्यता मांडली होती : पोलीस आणि डॉक्टर यांनी एकत्र काम करणे. सरताज आणि प्रीत कागदपत्रे गोळा करतात, औषध कंपनीपासून खासदारापर्यंतचा धागा जोडतात. चित्रपटात पोलिसाने केलेला खराखुरा तपास असा एवढाच, आणि तोही वरिष्ठांच्या नकळत, जणू चोरून केलेला. पुढे केंद्रातून पळू पाहणाऱ्या बल्लीच्या हातून प्रीतचा मृत्यू होतो. व्यसनमुक्ती केंद्र हेच मृत्यूचे स्थळ ठरते आणि त्या फायलीची उब प्रेक्षकाच्या मनातून निघून जाते. त्यानंतर सरताज बंदूक उचलतो आणि आपल्या वरिष्ठासह समोर येईल त्याच्यावर गोळ्या झाडतो.

या शेवटाविषयी समीक्षकांनी ‘व्यावसायिक तडजोड’ असा शेरा मारला आहे. तो अपुरा आहे. तडजोड शेवटी केलेली नसून आरंभापासून पेरलेली आहे. ज्या पटकथेला नाका आणि गोळी यांच्यामधले काहीच दिसत नाही, तिला नाक्याचे प्रायश्चित्त गोळीनेच घ्यावे लागते. आणि येथे चित्रपट ज्या राज्यव्यवस्थेवर टीका करतो तिच्याच विचारपद्धतीत नकळत सामील होतो. जुलै २०१८ मध्ये पंजाब मंत्रिमंडळाने अमली पदार्थांच्या विक्रेत्यांस फाशीची शिक्षा असावी अशी शिफारस केंद्राकडे केली. १ मार्च २०२५ पासून राज्यात ‘युद्ध नशेयां विरुद्ध’ ही मोहीम सुरू झाली आणि विक्रीच्या आरोपातील व्यक्तींची घरे बुलडोझरने पाडल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. सत्तेतील पक्ष बदलले. शिक्षा दिसली पाहिजे, सिद्ध झाली नाही तरी चालेल, हा आग्रह बदलला नाही. सरताजच्या गोळीबाराला चित्रपटगृहात टाळ्या पडतात त्या याच आग्रहाच्या.

याच काळात राज्याने एक वेगळे पाऊलही टाकले होते. ऑक्टोबर २०१७ पासून बाह्यरुग्ण पद्धतीने ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोनचे उपचार देणारी केंद्रे सुरू झाली. या केंद्रांवरील रांगांचे छायाचित्र बुलडोझरइतके परिणामकारक दिसत नाही, एवढेच.

कैदेतील मुलगी खिडकीतून गोव्याच्या सहलीचा एक जाहिरातफलक पाहत असते. तिच्यासाठी गोवा म्हणजे सुटका. पटकथेतील ही योजना हळवी आहे आणि त्या मुलीच्या दृष्टिकोनातून पूर्णतः खरीही आहे. गोमंतकीय वा मराठी वाचकास मात्र तो फलक पाहताना दुसरे काही आठवल्यावाचून राहत नाही. २०१० मध्ये गोवा पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी विभागातील कर्मचाऱ्यांनाच विक्रेत्यांशी संगनमत केल्याच्या आरोपावरून अटक झाली होती आणि हा विषय पुढे विधानसभेच्या समितीपर्यंत गेला. पंजाबातून पळून जाण्याचे स्वप्न ज्या किनाऱ्याचे, त्या किनाऱ्यावरही एक नाका होताच. दिग्दर्शकास हा उपरोध अभिप्रेत असावा, असे मानण्यास चित्रपटात आधार नाही.

‘उडता पंजाब’चे पटकथाकार सुदीप शर्मा यांनी सात वर्षांनंतर, २०२३ मध्ये, ‘कोहरा’ या पंजाबी-हिंदी मालिकेच्या निर्मितीत सहभाग घेतला, ही बाब त्यामुळे महत्त्वाची ठरते. रणदीप झा दिग्दर्शित या मालिकेत पुन्हा पंजाब पोलीस आहेत. तपास एका अनिवासी तरुणाच्या खुनाचा आहे. अमली पदार्थ तेथे विषय नसून हवेसारखे सर्वत्र आहेत. सुविंदर विक्की यांनी साकारलेला उपनिरीक्षक बलबीर सिंग आणि त्याचा सहकारी गरुंडी यांना ठाण्यात भरपूर वेळ दिलेला आहे. प्रकरण लवकर मिटवा, हा वरून येणारा दबाव आहे. सोयीचा संशयित हाती लागल्यावर त्याला मारहाण करून कबुलीजबाब घेण्याची घाई आहे, आणि अशा वेळी सर्वांत सोयीचा संशयित नशेच्या जगातलाच कोणी असतो. बलबीर सरताजइतका सहानुभूतीस पात्र नाही. त्याचे हात अधिक मळलेले आहेत. परंतु तो कबुलीजबाब खोटा आहे हे त्याला कळते, तेव्हा त्याला बंदूक उचलता येत नाही. त्याला पुन्हा त्याच साक्षीदारांकडे जावे लागते आणि तेच प्रश्न नव्याने विचारावे लागतात.