फडपद्धतीचा इतिहास : कांहीं प्रचलित विधानांची परीक्षा

पांझरा, मोसम व आरम या नद्यांच्या कांठीं चालत आलेल्या फडपद्धतीविषयीं गेल्या कांहीं दशकांत पुष्कळ लेखन झालें आहे. स्थापत्यज्ञ, अर्थशास्त्रज्ञ व ग्रामसुधारणेचे पुरस्कर्ते या तिघांनींही तिची वाखाणणी केली. इतिहाससंशोधकांनीं मात्र हा विषय आपला नव्हे असें मानिलें. त्याचा परिणाम असा झाला कीं, पद्धतीचें वर्णन बहुधा यथार्थ असूनही तिचा इतिहास म्हणून जें सांगण्यांत येतें, तें एकानें लिहावें व दुसऱ्यानें उतरून घ्यावें अशा रीतीनें रूढ झालें. या विधानांची परीक्षा करणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ही परीक्षा केवळ कुतूहलापोटीं नाहीं. सिंचनव्यवस्था शेतकऱ्यांच्या संस्थांकडे सोंपविणारा कायदा महाराष्ट्रांत २००५ सालीं झाला. पाणी गांवानें वाटावें कीं सरकारानें, हा वाद जेथें निघतो तेथें फडाचा दाखला दिला जातो. दाखला द्यावयाचा तर तो खरा असला पाहिजे. नाहीं तर वादाचा निकाल कांहींही लागो, त्याचा पाया कच्चाच राहणार.

प्रथम पद्धतीचें स्वरूप थोडक्यांत सांगितलें पाहिजे. नदींत दगडी बंधारा घालून पाणी अडवावयाचें व तें पाटानें कांठच्या जमिनीकडे न्यावयाचें. पाटापासून चाऱ्या, चाऱ्यांपासून शेतांत जाणारे सारंग, आणि जास्त झालेलें पाणी पुन्हां नदींत सोडण्यासाठीं सांडम, अशी रचना असते. एका बंधाऱ्याखालीं भिजणाऱ्या क्षेत्रास थळ म्हणतात. थळाचे बहुधा चार भाग करितात, तेच फड. एका फडांत एका हंगामास एकच पीक घ्यावयाचें असा दंडक असतो. उंसाचा फड कोणता, धान्याचा कोणता व मोकळा कोणता ठेवावयाचा, हें नदीचें पाणी पाहून गांव ठरवितो आणि पुढील वर्षीं पिकांची पाळी बदलते. पाट राखणारा पाटकरी, प्रत्यक्ष शेतांत पाणी देणारा बारेकरी व पिकाची राखण करणारा जागल्या हे सर्वांचे मिळून नोकर. शेतकऱ्यानें आपल्या मर्जीनें पाणी फोडावयाचें नाहीं, हें या व्यवस्थेचें मर्म होय. प्रत्येकाच्या जमिनीचे तुकडे निरनिराळ्या फडांत विखुरलेले असल्यामुळें एखादा फड कोरडा ठेवण्याचा तोटा सर्वांस सारखा वांटला जातो. पाणी कमी झालें तर माणसें वगळावयाचीं नाहींत, क्षेत्र वगळावयाचें, ही युक्ति खरोखर प्रशंसनीय आहे.

आतां पहिलें विधान घेऊं. अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनीं संपादिलेल्या १९९७ च्या 'डाइंग विज़्डम' या ग्रंथांत फडपद्धति बहुधा तीनचारशें वर्षांपूर्वीं अस्तित्वांत आली असें म्हटलें आहे. ग्रंथकारांनीं 'बहुधा' हा शब्द घातला होता. पुढील लेखकांनीं तो गाळला आणि अंदाजाचा सिद्धांत झाला. त्या ग्रंथाचा उद्देश देशांतील जुन्या जलव्यवस्थांची ओळख करून देण्याचा असल्यामुळें त्यास दोष देणें युक्त नाहीं. दोष आहे तो उतरून घेणाऱ्यांचा.

तीनचारशें वर्षें म्हणजे ग्रंथाच्या सालापासून मागें मोजल्यास सुमारें १५९७ ते १६९७ हा काळ येतो. या शंभर वर्षांत खानदेशांत काय काय घडलें पहा. १६०१ सालीं अशीरगड पडून फारुकी घराण्याची सत्ता संपली व मोंगल अंमल बसला. १६३० ते १६३२ या सालांत दख्खन व गुजराथ यांना भयंकर दुष्काळानें ग्रासलें. १६३८ सालीं बागलाणचें बागूल राज्य औरंगजेबानें जिंकलें; मोसम व आरम यांचीं खोरीं त्याच राज्यांतलीं. म्हणजे 'तीनचारशें वर्षें' या एका शब्दांत फारुकींचा अंत, बागूलांचा अंत व मोंगलांची स्थापना हीं सर्व येऊन जातात. अशा कालमापनानें संस्थापक कोण याचा उलगडा तर होत नाहींच, उलट उलगडा झाल्याचा भास मात्र होतो.

याहून महत्त्वाचा आक्षेप असा आहे. फडाचें वय म्हणजे नेमकें कशाचें वय ? बंधाऱ्याच्या दगडांचें, पाटाच्या ओळीचें, कीं फेरपालटाच्या नियमाचें ? तीन वस्तु तीन काळांतील असूं शकतात. वाहून गेलेला बंधारा जुन्याच पायावर पुन्हां उभारतां येतो; तसाच पाट तोच ठेवून वांटणीचा नियम बदलतां येतो. उंसासारखें वर्षभर पाणी मागणारें व गुळाच्या रूपानें बाजारांत विकलें जाणारें पीक एका फडापुरतें बांधून ठेवावयाचें, हा नियम त्या पिकाला बाजार मिळाल्यानंतरचा असणें अधिक संभवतें. दगड जुना म्हणून रिवाज जुना, हें अनुमान लेखाच्या कागदावरून मजकुराचें वय ठरविण्यासारखें आहे.

कागदपत्रांत शोध घेणाऱ्यास शब्दांचा मोह टाळावा लागेल. 'थळ' हा शब्द आपल्या दप्तरांत वारंवार येतो. पण 'थळझाडा' म्हणजे गांवच्या थळवार जमिनींची यादी, आणि तेथील थळ म्हणजे एका घराण्याच्या नांवची जमीन. खानदेशी थळाशीं त्याचा संबंध असेलच असें नाहीं. 'फड' शब्दाची गोष्ट याहून अवघड. पेशव्यांचा हुजूरफड हें हिशेबाचें कार्यालय.  तमाशाचा फड निराळा, तोडणीचा उंसाचा फड आणखी निराळा. तेव्हां कागदांत हे शब्द आढळले म्हणून पद्धति सांपडली असें होत नाहीं. 'पाटस्थळ' व 'मोटस्थळ' हा जमिनीचा भेद अधिक उपयोगाचा आहे. कारण पाटस्थळावर धारा कसा बसे, तो शेतावर बसे कीं सबंध थळावर, हें कळल्यास पाण्याची जबाबदारी एकेकट्याची होती कीं सामाईक याचा कांहीं अंदाज करतां येईल.

दुसरें विधान संस्थापकाविषयींचें. एक पक्ष म्हणतो, एवढे बंधारे राजाच्या द्रव्यावांचून होणें नाहीं. दुसरा म्हणतो, हें सर्व गांवानें आपल्या बळावर केलें. पहिल्या पक्षास विटफोगल यांच्या १९५७ च्या ग्रंथाचें पाठबळ मिळतें. मोठ्या जलकार्यांतून निरंकुश राजसत्ता जन्मते असा त्यांचा सिद्धांत. दुसऱ्या पक्षास एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या १९९० च्या ग्रंथाचें. पाण्यासारखी सामाईक वस्तु वापरणारे लोक स्वतःच नियम करून टिकवूं शकतात, हें त्यांनीं स्पेन, फिलिपाइन्स इत्यादि देशांतील उदाहरणांनीं दाखविलें, आणि २००९ सालीं अर्थशास्त्रांतील नोबेल पारितोषिकाच्या त्या सहमानकरी झाल्या.

आमच्या मतें हा वाद चुकीच्या जागीं उभा केलेला आहे. बांधणारा व चालविणारा एकच असला पाहिजे हें गृहीत धरण्यास आधार नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतच दोन्ही बाजू शेजारीं दिसतात. हातानें आणलेल्या पाण्यावर उत्पन्नाचा पांचवा, खांद्यावरून आणलेल्यावर चौथा व प्रवाहयंत्रानें आणलेल्यावर तिसरा भाग राजास द्यावा असें तो सांगतो. नवा सेतु बांधणारास पांच वर्षें व मोडका दुरुस्त करणारास चार वर्षें करमाफी द्यावी असेंही तो सांगतो. म्हणजे बांधणारा प्रजेंतील मनुष्य आहे, राजा सवलत देतो आहे. आणि पाळी सोडून पाणी घेणारास किंवा दुसऱ्याच्या पाळींत पाणी अडविणारास सहा पणांचा दंड आहे. पाळीची कल्पना तेथें गृहीतच आहे. राजशासन तिचें रक्षण मात्र करतें. यावरून फडपद्धति मौर्यकालीन ठरवावी असें कोणी म्हणूं नये. पाळी ही जेथें पाणी थोडें तेथें सुचणारीच गोष्ट आहे.

खुद्द खानदेशाविषयींचा एक पुरावा याहून जवळचा आहे. इरफान हबीब यांनीं मोंगल शेतीव्यवस्थेवरील १९६३ च्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, शाहजहानच्या कारकीर्दींत खानदेश व वऱ्हाडचा पाईनघाट येथें बंधारे घालण्याकरितां शेतकऱ्यांस सुमारें ४०,००० ते ५०,००० रुपये आगाऊ देण्याची सूचना झाली होती. पांझरेवरील अमुक बंधारा या रकमेंतून झाला असें यावरून ठरत नाहीं. पण द्रव्य सरकारचें, तें तगाईच्या रूपानें, व काम शेतकऱ्यांचें, हा तिसरा मार्ग त्या काळीं माहीत होता एवढें निश्चित ठरतें. 'राजा कीं गांव' असा प्रश्न विचारणारांनीं या मार्गाचा विचार केलेला दिसत नाहीं.

तिसरें विधान विश्वेश्वरय्यांसंबंधीं आहे. १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या नोकरींत शिरल्यावर त्यांचा आरंभींचा काळ नाशिक व खानदेश येथें गेला. पांझरेच्या पाटासाठीं दातर्तीजवळ त्यांनीं नळाचें सायफन बांधलें. पुढें पुणें भागांतील कालव्यांकरितां त्यांनीं 'ब्लॉक' पद्धति सुचविली. या दोन गोष्टी जोडून ब्लॉक म्हणजे फडाचीच सुधारलेली आवृत्ति, असें कित्येकदां लिहिलें जातें. साम्य आहे हें खरें. दोहोंतही क्षेत्र बांधून घेतलेलें व पिकांची फेरपालट ठरलेली. परंतु ब्लॉक हा सरकार व बागाइतदार यांच्यामधील ठराविक मुदतीचा करार; फड हा थळांतील सर्व खातेदारांचा आपसांतील रिवाज. ब्लॉकांत पाण्याची हमी सरकार देतें. फडांत हमी कोणीच देत नाहीं, तूट मात्र सर्व मिळून सोसतात. विश्वेश्वरय्यांनीं फड पाहिला असणें स्वाभाविक आहे. परंतु पाहिलें म्हणून उचललें हें सिद्ध होण्यास त्यांच्याच टिपणांचा आधार पाहिजे. साम्यावरून वंशावळ मांडण्याची खोड आपल्या संशोधनांत इतरत्रही आहे, म्हणून हें विस्तारानें लिहिलें.

चवथें विधान समतेचें. फडांत सर्व समान, असें म्हणण्याची चाल पडली आहे. समान म्हणजे कोण ? थळांत ज्याची जमीन तो. पाणी जमिनीच्या मापानें मिळे. ज्यास जमीन नाहीं त्यास पाण्यावर हक्क नाहीं. रात्रभर पीक राखणारा जागल्या व पाणी धरणारा बारेकरी हे व्यवस्थेचे हातपाय असले तरी तिचे भागीदार नव्हत. शिवाय नियम एका थळापुरता; वरच्या बंधाऱ्यानें खालच्या बंधाऱ्यास किती पाणी सोडावें हें फडाचे पंच ठरवूं शकत नाहींत. तो प्रश्न दोन गांवांचा, आणि म्हणूनच गांवाबाहेरच्या सत्तेचा. पांझरेवर लाटीपाडा व मोसमवर हरणबारी येथें धरणें झाल्यावर हीच उणीव उघडी पडली. नदीचा प्रवाह धरणाच्या आवर्तनावर अवलंबून राहिला; शिवाय थळांत विहिरी व पंप आले. ज्याची विहीर त्यास पाळीची गरज उरली नाहीं, आणि ज्यास पाळीची गरज नाहीं तो दंडक कशास पाळील ? जमिनीच्या वांटण्या व विक्री यांमुळें प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडांत ही स्थितिही मोडत गेली. पद्धतीचा ऱ्हास लोकांच्या अनीतीनें झाला असें म्हणण्यापेक्षां ज्या परस्परावलंबनावर ती उभी होती तेंच नाहींसें झालें असें म्हणणें सयुक्तिक होईल.

इतक्या खंडनानंतर वाचक विचारतील कीं, मग शिल्लक काय राहिलें ? शिल्लक राहिली ती पद्धति, आणि ती थोडी नाहीं. राहिलें नाहीं तें तिचें ऐकीव चरित्र. तें नव्यानें लिहावयाचें तर साधनें पाहिजेत, आणि त्या बाबतींत आपणां संग्राहकांकडेही थोडा दोष येतो. १८८० चें खानदेशचें गॅझेटियर बंधारे, खर्च, क्षेत्र व वसूल यांचे आंकडे देतें. पण सरकारी लेखणीस पंचांचे ठराव व बारेकऱ्याची मजुरी हीं नोंदण्याजोगीं वाटत नाहींत. आपणही सनदा, वतनपत्रें, राजकीय पत्रव्यवहार प्रेमानें जमवितों, आणि कुलकर्ण्याच्या रुमालांतील किरकोळ हिशेब, दंडाच्या याद्या, पाट काढण्याच्या वेठीचीं टिपणें हीं निरुपयोगी म्हणून बाजूस सारतों.

स्पेनमधील उदाहरण या ठिकाणीं डोळ्यांत अंजन घालणारें आहे. व्हॅलेन्शियाचें जलन्यायालय दर गुरुवारीं मुख्य देवळाच्या दारांत बसून तोंडीच निवाडा करतें. असें असूनही त्या प्रांताचा मध्ययुगीन जलेतिहास टॉमस ग्लिक यांस १९७० सालीं लिहितां आला. कारण शेजारच्या कास्तेल्योन गांवीं पंधराव्या शतकांतील दंडाच्या वह्या कोणीतरी फेंकून दिल्या नव्हत्या. कोणी, कोणत्या महिन्यांत, किती वेळां पाळी मोडली, हें त्या वह्या सांगतात. नियम कागदावर होता कीं व्यवहारांत, याची कसोटी तीच. ऑस्ट्रॉम यांच्या प्रतिपादनाचा एक आधार अशा रुक्ष वह्याच होत.

राजवाड्यांच्या निधनानंतर त्यांचा संग्रह ज्या धुळें शहरीं राहिला तें शहर पांझरेच्याच कांठीं आहे. सनदांचा शोध त्या खोऱ्यांत पुष्कळ झाला. पाण्याच्या कागदांचा व्हावयाचा आहे. साक्री, सटाणा, मालेगांव या बाजूंस ज्यांचें जाणें येणें असेल त्यांनीं घरोघरच्या जुन्या रुमालांत पाटकरी, बारेकरी, थळ व फड हे शब्द जेथें जेथें येतील तेथें थांबावें, साल व गांव टिपून घ्यावें, आणि दोन ओळींचें टिपण असलें तरी तें प्रसिद्ध करावें. एका विवक्षित सालीं एका विवक्षित थळांत पाळी मोडणारास दंड झाला, असा एक कागद 'तीनचारशें वर्षें' या शब्दापेक्षां अधिक मोलाचा ठरेल.