एकच मरण, दोन वेग

आज आपल्याला एकच मरण दोनदा पाहायचंय. हिरोमु अराकावा यांच्या 'फुलमेटल अल्केमिस्ट' या मांगावर 'बोन्स' या स्टुडिओने दोन मालिका केल्या. पहिली २००३ ची, ५१ भागांची. दुसरी २००९ ची, 'ब्रदरहूड', ६४ भागांची. दोन्हींत मेस ह्यूझ हा लष्करी अधिकारी टेलिफोन बूथपाशी मारला जातो. मारेकरी त्याच्या बायकोचं रूप घेतो, आणि ह्यूझचा हात क्षणभर थबकतो. प्रसंग तोच, पण पहिल्या मालिकेत तो २५ व्या भागात येतो, दुसरीत १० व्या.

पंधरा भागांचा फरक म्हणजे जवळजवळ सहा तास. या वेळात पहिली मालिका काय करते? तसं बघितलं तर फार काही नाही. एल्रिक भाऊ परीक्षेच्या तयारीच्या दिवसांत ह्यूझच्या घरी जातात, तिथेच त्याची मुलगी जन्मते. पुढे तो भेटेल त्याला तिचे फोटो दाखवून पिडतो. कथानकाच्या हिशेबात हे फालतूच. 'आला हा फोटोवाला' असं म्हणत आपण कंटाळतोसुद्धा. आणि नेमका तो कंटाळाच दफनाच्या वेळी अंगावर येतो. बाबांना मातीत का पुरताय, असं ती पोरगी विचारते, तेव्हा ती कोण हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. ती जन्मली तेव्हा आपण तिथे होतो.

'ब्रदरहूड'मध्ये एवढी ओळख व्हायला सवडच नाही. जुनी मालिका बघितलेले प्रेक्षक ह्यूझला ओळखतातच, असं करणाऱ्यांनी धरलं असावं. रडू तिथेही येतं, नाही असं नाही. पण आमच्या मते ते त्या पोरीच्या हुंदक्यांनी काढलेलं रडू आहे, ह्यूझसाठी आलेलं नव्हे.

मग 'ब्रदरहूड' फसली का? इथे जरा थांबू या. आधी वाचवलेला वेळ तिने मरणानंतर खर्च केलाय. ५४ व्या भागात ह्यूझचा जिवलग मस्टँग मारेकऱ्याला गाठतो आणि जाळत सुटतो, इतका की त्याची सहकारी हॉकआय त्याच्यावरच पिस्तूल रोखते. ४४ भाग तो राग आत धुमसत राहिलाय. तिथे मात्र वेग अचूक आहे.

आणि मरण आधीच सांगून टाकलं तर? इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज', १९८८ चा. सेइता पहिल्याच प्रसंगात स्टेशनवर मरतो, म्हणजे 'वाचेल का' ही धाकधूक संपलीच. त्याची धाकटी बहीण सेत्सुको जाते ते निवेदनाच्या एका वाक्यात. तिच्या उशाशी कॅमेरा रेंगाळत नाही. वेळ मिळतो तो नंतर: एक जुनं गाणं वाजतं आणि ती खंदकापाशी एकटीच खेळताना दिसते, पाण्यातल्या स्वतःच्या प्रतिबिंबाशी सुद्धा. भाऊ अन्न शोधायला गेला असतानाचे हे तास. त्याने ते पाहिलेच नव्हते, आपणही नाही.