जेवण कोणी रांधलं? अमेरिकेतली ऐतिहासिक घरं आणि गाळलेला कर्ता

मुलांकडे नाहीतर नातेवाइकांकडे अमेरिकेला जाऊन आलेले बरेच जण आज समोर दिसताहेत. नायगारा होतो, न्यू यॉर्क होतं, आणि मग एका शनिवारी घरातलं कोणीतरी म्हणतं, 'इथे जवळच एक जुनं घर आहे, म्युझियम केलंय, चला बघून येऊ.' आम्ही अशी घरं पुष्कळ पाहिली. काही जगप्रसिद्ध, काही अशी की शेजारच्या गल्लीतल्या माणसालाही त्यांचा पत्ता नसावा. आज त्या घरांविषयी बोलायचं आहे. एखाद्या पुस्तकाचं परीक्षण करतो, तसं त्यांच्याकडे बघू.

सुरुवात एका लहान घरापासून करतो. न्यू इंग्लंडमधलं छोटं गाव. तिथल्या स्थानिक इतिहास मंडळाने एक पांढरं लाकडी घर जपलंय. रविवारी दुपारी दोन तास उघडं असतं. दाखवणाऱ्या बाई सत्तरीच्या, बिनपगारी, अतिशय प्रेमळ. दिवाणखान्याच्या दारात आडवा दोर, पलीकडे पितळी शमादानं, चिनी मातीची भांडी. बाई सांगत होत्या, 'इथे मोठ्या पंगती होत. जेवण वाढलं जाई. मेणबत्त्या लावल्या जात. वरच्या खोलीत मुलं सांभाळली जात.' आम्ही सहज विचारलं, 'हे सगळं कोण करायचं?' बाई क्षणभर थांबल्या. 'नोकर असतील,' म्हणाल्या.

बघा, शाळेत आपण प्रयोग शिकलो. कर्ता, कर्म, क्रियापद. 'जेवण वाढलं जाई' या वाक्यात जेवण आहे, वाढणं आहे, फक्त वाढणारा नाही. वाक्य चुकीचं नाही, खोटंही नाही. पण कर्ता गाळला की तो गाळलाय हे कोणाच्या लक्षातच येत नाही. आमचा आजचा मुद्दा एवढाच आहे. ऐतिहासिक घराची पारख फर्निचर किती अस्सल आहे यावर करू नये. तिथे बोलल्या जाणाऱ्या वाक्यांना कर्ता आहे का, हे बघून करावी.

आता मोठ्या घराकडे जाऊ. व्हर्जिनियातलं माउंट व्हर्नन, जॉर्ज वॉशिंग्टनचं घर. अमेरिकेतल्या घर-जतनाची गोष्ट सांगताना ते टाळताच येत नाही. १८५३ मध्ये ॲन पामेला कनिंगहॅम यांच्या आईने बोटीतून जाताना ते पडायला आलेलं घर पाहिलं आणि मुलीला कळवलं. मुलीने देशभरातल्या बायकांची संघटना उभी केली, वर्गण्या गोळा केल्या आणि १८५८ मध्ये दोन लाख डॉलरला घर आणि भोवतालची जमीन विकत घ्यायचा करार केला. त्या काळात बायकांना मताचा अधिकार नव्हता, हे लक्षात घ्या. त्यांच्याबद्दल आम्हाला खरोखर आदर आहे. त्या नसत्या तर बघायला घरच उरलं नसतं.

पण साल बघा. यादवी युद्ध तीन वर्षांवर आलेलं. उत्तर आणि दक्षिण एका नावाखाली जोडायची, तर ज्या गोष्टीवरून फाटलं होतं ती बाजूला ठेवणं सोयीचं होतं. १७९९ मध्ये, म्हणजे वॉशिंग्टन वारला त्या वर्षी, या इस्टेटीवर ३१७ माणसं गुलामीत होती. त्यांच्या दफनभूमीवर १९२९ मध्ये एक शिळा बसवली गेली आणि मोठं स्मारक व्हायला १९८३ साल उजाडलं. आता, 'इथे जेवण वाढलं जाई' या वाक्यात कर्ता घालून बघा. वॉशिंग्टनचा आचारी होता हर्क्युलस. नावाजलेला आचारी. राष्ट्राध्यक्षांचा मुक्काम फिलाडेल्फियात होता तेव्हा तिथलं स्वयंपाकघर त्याने सांभाळलं. २२ फेब्रुवारी १७९७ ला तो माउंट व्हर्ननहून पळून गेला. त्या दिवशी वॉशिंग्टनचा वाढदिवस होता. एवढं एक नाव कळलं की तीच थाळी, तेच टेबल वेगळं दिसायला लागतं की नाही?

मॉन्टिसेलोला, म्हणजे थॉमस जेफरसनच्या घरी, हा प्रकार अजून स्पष्ट दिसतो. जेवणघरातल्या शेकोटीच्या बाजूला एक छोटी सरकती सोय आहे, तळघरातून वाइनच्या बाटल्या वर आणणारी. फळ्या लावलेलं एक फिरतं दार आहे. पलीकडून ताटं ठेवायची, दार फिरवायचं, ताटं आत. 'काय डोकं होतं माणसाचं!' असं म्हणत लोक ते बघतात, आणि डोकं होतंच. पण त्या सोयीमुळे अजून एक गोष्ट साधत होती. पाहुणे स्वातंत्र्यावर गप्पा मारत असताना काम करणारी माणसं कमीत कमी दिसत. तो गाळलेला कर्ता इथे भिंतीतच बांधून काढलाय म्हणा ना.

त्या भिंतीपलीकडे जेम्स हेमिंग्ज होता. जेफरसनने त्याला पॅरिसला नेऊन फ्रेंच स्वयंपाक शिकवला. त्याने आपल्या जागी दुसरा आचारी तयार करावा या अटीवर त्याची सुटका ठरली आणि १७९६ मध्ये तो मुक्त झाला. त्याची बहीण सॅली हेमिंग्ज. जेफरसनपासून तिला मुलं झाली, हे मॉन्टिसेलो सांभाळणारी संस्था बरीच वर्षं मानत नव्हती. १९९८ च्या डीएनए चाचणीनंतर तिने भूमिका बदलली आणि २०१८ मध्ये तिथे सॅलीवरचं दालन उघडलं. सॅलीचं एकही चित्र उपलब्ध नाही. मग दाखवायचं काय? तिचा मुलगा मॅडिसन याने १८७३ मध्ये ओहायोतल्या एका वर्तमानपत्राला आपली हकिगत सांगितली होती. दालन तिच्या आधाराने उभं आहे. वस्तू नसतील तर शब्द ठेवता येतात, हे या दालनाने दाखवून दिलं, असं आमचं मत आहे.

'आम्ही वॉशिंग्टन, जेफरसन बघायला आलो, हे ऐकायला नाही,' असं म्हणणारे प्रेक्षक असतात. आम्ही त्यांना हसणार नाही. सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून कोणी बोलणी खायला जात नाही. पण कर्ता सांगणं म्हणजे बोलणी नव्हेत, ते वाक्य पूर्ण करणं आहे. उलट आमची तक्रार दुसऱ्या टोकाची आहे. काही ठिकाणी गुलामगिरीचा दौरा वेगळा ठेवतात, हवा असेल तर घ्या. म्हणजे मुख्य वाक्य जसंच्या तसं, आणि कर्ता तळटीपेत! तो त्याच खोलीत, त्याच वाक्यात यायला हवा.

हे कसं जमतं ते बोस्टनजवळ मेडफर्डला बघायला मिळतं. पूर्वी त्या घराची ओळख फक्त 'रॉयल हाऊस' अशी होती. आता पाटीवरच 'रॉयल हाऊस आणि गुलामांची वस्ती' असं नाव आहे. मालकाची हवेली आणि गुलामांची इमारत समोरासमोर उभ्या आहेत. या घरातल्या बेलिंडा नावाच्या बाईने १७८३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला की, मी आयुष्यभर राबले, त्याच मिळकतीतून मला निर्वाह द्या. वर्षाला १५ पौंड १२ शिलिंग मंजूर झाले. पैसे नीट मिळेनात, म्हणून तिला पुन्हा पुन्हा अर्ज करावे लागले. हवेलीतल्या कुठल्याही खुर्चीपेक्षा तो अर्ज आम्हाला मोलाचा वाटतो. त्यात कर्ता स्वतः बोलतोय.

अमेरिकेत हल्ली 'गुलाम' असं न म्हणता 'गुलाम केलेली माणसं' असं म्हणतात. आपल्याकडे काहींना ही शब्दांची कसरत वाटते. पण 'केलेली' म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कोणी केलेली? पुन्हा कर्ता आलाच!

आता त्या पहिल्या लहान घराकडे येऊ. निघता निघता बाई म्हणाल्या, 'थांबा.' आतल्या खोलीतून एक खोका आणला. मालकाच्या मृत्यूनंतर केलेली मालमत्तेची यादी. गाद्या, भांडी, गाई, आणि त्याच रांगेत एक पहिलं नाव, पुढे किंमत. बाई म्हणाल्या, 'हे पान मी कितीदा वाचलंय. बोलताना तोंडात येत नाही.' आम्हाला त्यांचा राग आला नाही. कारण कागद जपला होता तो त्यांच्याच मंडळाने. कर्ता सापडतो तो बहुतेक वेळा अशाच खोक्यांत. तो शेजारच्या खोलीतून दिवाणखान्यात आणायचा, एवढंच काम उरतं.

शेवटी आपल्याकडचं. मॅडिसन हेमिंग्जची हकिगत छापली गेली त्याच १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' निघालं, आणि ते अर्पण केलं होतं गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. म्हणजे हा विषय आपल्याला परका नाही. फुल्यांच्या वाड्यात गेलात तर तिथलं पाणी आधी बघा. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. कोणासाठी आणि कोणी, दोन्ही तिथे स्पष्ट आहे. पण आपल्या इतर वाड्यांत? 'पाणी भरलं जाई, अंगण सारवलं जाई, जातं ओढलं जाई' अशी वाक्यं आपणही ऐकतो, आणि नातवंडांना आपणच ऐकवतो. पुढच्या वेळी, तिकडे किंवा इकडे, कुठल्याही जुन्या घरात गेलात तर एवढं जरूर विचारा: कोणी?