शिबिराने मुले बदलली, हे कशावरून?

निसर्गशिबिर संपते त्या दिवशी मुलांच्या हाती एक कागद दिला जातो. ‘शिबिरातून काय मिळाले?’ आत्मविश्वास वाढला, नवे मित्र मिळाले, अशी उत्तरे येतात आणि शिबिर यशस्वी झाल्याचा अहवाल तयार होतो. शाळेच्या वेळापत्रकात शिबिराला जागा द्यायची की नाही, हे पुष्कळदा अशाच अहवालावरून ठरते. म्हणून या मोजमापाची नीट तपासणी व्हायला हवी.

या विषयावरचा एक महत्त्वाचा निबंध १९९७ साली ‘रिव्ह्यू ऑफ एज्युकेशनल रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जॉन हॅटी, हर्बर्ट मार्श, जेम्स नील आणि गॅरी रिचर्ड्स यांनी साहसी कार्यक्रमांवरील ९६ अभ्यासांचे, म्हणजे १५१ गटांचे, निष्कर्ष एकत्र करून तपासले. वेल्समध्ये १९४१ साली सुरू झालेल्या ‘आउटवर्ड बाउंड’ या चळवळीचे कार्यक्रम त्यांत प्रामुख्याने होते. कार्यक्रम संपताना दिसलेला सरासरी परिणाम ०.३४ प्रमाण विचलन इतका होता. याचा अर्थ काय? आधीच्या शंभर मुलांना गुणांनुसार रांगेत उभे केले, तर मधला मुलगा ५० जणांच्या पुढे असतो. कार्यक्रमानंतरचा मधला मुलगा त्याच रांगेत सुमारे ६३ जणांच्या पुढे जाईल. पुढच्या काळात आणखी ०.१७ इतकी भर पडलेली आढळली. शिकवलेले हळूहळू विरत जाते हा आपला नेहमीचा अनुभव. येथे मात्र उलटेच!

निबंध परिश्रमपूर्वक लिहिलेला आहे, यात शंका नाही. परंतु ०.३४ हा आकडा उचलून आपल्या शिबिराला चिकटवणे चूक ठरेल. कार्यक्रमागणिक परिणामांत मोठा फरक होता. कार्यक्रम जितका दीर्घ आणि सहभागी जितके मोठे, तितका परिणाम अधिक, असे लेखकच सांगतात. पाचवीच्या मुलांच्या दोन दिवसांच्या शिबिराला ही सरासरी लागू पडत नाही.

नंतरच्या वाढीबद्दल तर अधिक सावध राहावे लागते. असे मापन सगळ्याच अभ्यासांत झालेले नाही. शिवाय काही महिन्यांत तरुण मुले एरवीही बदलतातच. शिबिराला न गेलेली मुले त्याच काळात किती बदलली, हे ठाऊक नसेल तर सारे श्रेय शिबिराला कसे देणार? उत्तरेही बहुधा स्वतःविषयीच्या प्रश्नावलीतून आलेली; निरोपाच्या उत्साहात ती फुगू शकतात.

यावरचा उपाय याच लेखकांपैकी मार्श आणि रिचर्ड्स यांच्या १९८६ मधील अभ्यासात सापडतो. ऑस्ट्रेलियातील २६ दिवसांच्या कार्यक्रमात त्यांनी चार वेळा मापन केले: एक महिना आधी, पहिल्या दिवशी, शेवटच्या दिवशी आणि १८ महिन्यांनी. पहिल्या दोन मापनांमधील काळ तुलनेसाठी उपयोगी पडला. त्यात फारसा बदल झाला नाही. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्यांनी आत्मप्रतिमेचे अनेक पैलू स्वतंत्रपणे मोजले आणि कार्यक्रमाचा संबंध कोणत्या पैलूंशी अधिक आहे, हे आधीच ठरवून ठेवले. त्या पैलूंत वाढ जास्त दिसली, इतरांत कमी. केवळ उत्साहामुळे उत्तरे फुगली असती, तर सगळेच पैलू सारखे वर गेले असते.

ही पद्धत खर्चिक नाही. एकच प्रश्नावली महिनाभर आधी, निघताना, परतताना आणि सहा महिन्यांनी द्यावी. शक्य असल्यास शिबिराला न गेलेल्या तुकडीलाही द्यावी. शिबिराने जे बदलू नये असे आपल्याला वाटते, उदाहरणार्थ गणिताची आवड, त्याविषयीचे दोन-तीन प्रश्न तिच्यात अवश्य घालावेत. परतल्यावर मुलांची गणिताची आवडही तितकीच वाढलेली दिसली, तर आपण शिबिराचा परिणाम मोजलेला नसून मुलांचा आनंद मोजला आहे, असे समजावे. आनंदही मोलाचा आहेच; पण अहवालात त्याची नोंद आनंद म्हणूनच व्हावी.