बॉबिनीला भाव, चर्मपत्राला नाही

इंग्लंडच्या बेडफर्डशायर-बकिंगहॅमशायर पट्ट्यात उशीवर लेस विणणाऱ्या बायकांनी मागे ठेवलेल्या सामानातल्या कोरीव हाडी बॉबिनींमागे संग्राहक धावतात. टोचलेल्या चर्मपत्रांची गुंडाळी मात्र खोक्याच्या तळाशीच राहते. हा क्रम उलटा हवा. बॉबिन देखणी असते, यात वाद नाही. पेन्सिलीहून बारीक दांडी, खालच्या टोकाला तारेत ओवलेले काचेचे मणी. त्यांच्या वजनाने सूत ताणलेले राहते आणि बॉबिन गडगडत नाही. अंगावर ठिपक्याठिपक्यांनी नावे कोरून त्यांत रंग भरलेला. नावे प्रियकराची, मुलाबाळांची आणि चक्क फाशी गेलेल्यांचीसुद्धा: १८६० साली फाशी झालेल्या जोसेफ कॅसलच्या नावाची बॉबिन संग्राहकांत प्रसिद्धच आहे. समाजेतिहासाचा पुरावा म्हणून या बॉबिनींचे मोल मोठे आहे. पण विणताना बॉबिनीचे काम सूत गुंडाळण्याचे आणि ताणण्याचे, आणि ते नवी लाकडी बॉबिनही चोख करते.

नक्षी असते चर्मपत्रात. त्यावरची भोके म्हणजे टाचण्यांच्या जागा. नक्षीची कड उठवणाऱ्या जाड धाग्याची वाट शाईने काढलेली. मात्र दोन टाचण्यांच्या मध्ये कोणते सूत कोणावरून न्यायचे, पीळ किती द्यायचे, हे त्यावर बहुधा नसते; ते विणणारीच्या हातात असे. म्हणूनच चर्मपत्राशेजारी त्याच नक्षीची विणलेली लेस असणे मोलाचे. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात लेस मांडणारे बेडफर्डचे व्यापारी थॉमस लेस्टर यांचा संग्रह आज तिथल्या द हिगिन्स संग्रहालयात आहे. त्यात लेस आणि आराखडे दोन्ही असल्यामुळे अभ्यासकांना नुसत्या भोकांवरून अंदाज बांधत बसावे लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, हीथकोटच्या लेस विणणाऱ्या यंत्राने १८०९ सालीच ही कला संपवली. आता नक्षी वाचून करायचे काय? पण लेस्टर यांचे नावाजलेले काम त्यानंतर चार दशकांनी झाले, आणि स्लोव्हेनियातल्या इद्रिया गावची १८७६ची लेसशाळा आजही चालू आहे. २०१८ मध्ये युनेस्कोने स्लोव्हेनियातल्या बॉबिन लेसच्या विणकामाला वारशाच्या यादीत घेतले. शाळा असेल तिथे नक्षी हातात राहते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुन्या चर्मपत्रावरून पुन्हापुन्हा टोचून भोके सरकलेली असतात आणि तेव्हाचे तलम सूत आता मिळणे कठीण, म्हणजे हुबेहूब लेस होणारच नाही. मान्य. मग आलेखकागदावर भोके सरळ करून, जाड सुताला जुळेल इतका आकार वाढवून विणावे, आणि तसे लिहून ठेवावे. दुरुस्ती लपवली तरच ती फसवणूक ठरते.

तेव्हा ज्यांच्या घरी असा ठेवा असेल त्यांनी बॉबिनी खुशाल विकाव्यात. चर्मपत्राची मूळ मापात प्रत काढल्याशिवाय आणि सोबतचा लेसचा तुकडा त्याला जोडून ठेवल्याशिवाय खोके मात्र फोडू नये.