दफ्तराच्या दारी नद्या

लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर सॉमरसेट हाउससमोर आलात, तर लगेच आत शिरू नका. आधी मान वर करून तळमजल्यावरच्या नऊ कमानींचे माथ्याचे दगड पाहा. प्रत्येकावर एकेक चेहरा कोरला आहे. मधला सागराचा, बाकीचे आठ ब्रिटनच्या नद्यांचे. थेम्सच्या माथ्यावर हंस आहेत. सागराच्या दाढीच्या लाटांत मासे पोहतात आणि कपाळावर चंद्रकोर आहे, कारण भरती-ओहोटी चंद्राच्या हाती. जोसेफ विल्टन आणि अगोस्टिनो कार्लिनी यांनी हे सारे कोरले ते मीठकर, मुद्रांक आणि नौदलाच्या कचेऱ्यांसाठी. ज्या राज्याचा व्यापार आणि आरमार पाण्यावर चाले, त्याच्या दफ्तराच्या दारी नद्या शोभतातच.

इथला सोळाव्या शतकातला जुना राजवाडा 1775 मध्ये पाडायला घेतला, तो शहरभर विखुरलेल्या सरकारी कचेऱ्या एका छपराखाली आणण्यासाठी. साधी इमारत पुरेल, असा पहिला बेत होता. ती राजधानीला साजेशी हवी, असा आग्रह खासदार एडमंड बर्क यांनी धरला. 1776 मध्ये काम सुरू झाले ते विल्यम चेंबर्स यांच्या आराखड्यावर. तरुणपणी स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगाल आणि चीन पाहिलेला, पुढे रोम-पॅरिसमध्ये शिकलेला हा वास्तुविशारद.

त्यांची खरी करामत आत जाताना उमगते. रस्त्याकडची बाजू अरुंद आहे. जोडस्तंभांच्या सावलीतून चार पावले टाकली, की एकदम प्रशस्त चौक उघडतो. डोळे आधी आवळायचे आणि मग मोकळे सोडायचे, ही युक्ती मोठ्या गवयाच्या समेसारखी आहे. पोर्टलंडच्या फिकट दगडाच्या भिंती शांत, मोजक्या. नक्षी हवी तिथेच. चौकाच्या पातळीखालीही मजले आहेत आणि भोवतीच्या खोल मोकळ्या पट्ट्यांतून तिथल्या कारकुनाच्या मेजापर्यंत उजेड पोहोचे. मला या वास्तूतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

नदीकडची बाजू सुमारे 500 फूट लांब. तेव्हा थेम्स थेट भिंतीला लागे आणि मोठ्या कमानीतून नावा आत येत. 1870 मध्ये पुऱ्या झालेल्या घाटरस्त्याने नदी दूर नेली. एवढ्या लांबीवर मधला घुमट लहान वाटतो, हा जुना आक्षेप मात्र खराच आहे.

चेंबर्स 1796 मध्ये गेले, तेव्हा काम पुरे व्हायचे होते. पुढे बरीच वर्षे जन्ममृत्यूच्या नोंदी इथेच राहत. 1940 च्या बॉम्बने उद्ध्वस्त झालेला नौदल कचेरीचा जिना पुन्हा उभारला गेला. कर खात्याच्या मोटारी उभ्या राहत त्या चौकात 2000 पासून 55 कारंजी उडतात. 2013 मध्ये ते खातेही इथून गेले.

सरकारी काम करणाऱ्याला उजेड आणि तिथे येणाऱ्याला सौंदर्य मिळावे, एवढी अपेक्षा आपणही आपल्या कचेऱ्यांकडून ठेवली पाहिजे.